शर्यतीचे इंजिन आणि लीलावतीतील शर

नाशकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता ज्या ठिकाणी एकमेकांस मिळतात, त्या चौकास द्वारका असे नाव आहे. नाव ऐकून कोणा भाविकाच्या डोळ्यांपुढे समुद्राने वेढलेली यादवांची राजधानी उभी राहिली तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु प्रत्यक्षात तेथे डोक्यावर उड्डाणपूल, खाली चोहो दिशांनी येणारी वाहने आणि आसपासच्या गल्ल्यांतून मोटारी व फटफट्या दुरुस्त करणाऱ्यांची दुकाने एवढेच दृष्टीस पडते. आमची हयात मुलांस संस्कृत शिकविण्यात गेली. गणिताचे शिक्षक रजेवर असले म्हणजे तो तासही आमच्याच गळ्यात पडे. अशा माणसाने द्वारकेवरील एका दुकानात तेलाने माखलेल्या बाकावर बसावे आणि तेथून उठून थेट भास्कराचार्यांच्या लीलावतीकडे वळावे, असा योग गेल्या पावसाळ्यात आला. त्याची हकीकत वाचकांस सांगावी असे मनात आले, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोणी म्हणेल की, इंजिनातील एका लोखंडी दांड्याची कथा घरच्या मंडळींनी, विशेषतः भगिनीवर्गाने, काय म्हणून वाचावी? त्यास आमचे उत्तर इतकेच की, ज्या गोष्टीवर हा सारा खेळ चालतो ती त्यांच्या माजघरात कड्यांस टांगलेली आहे. ती कोणती हे पुढे येईलच.

आमचे कुटुंब एकत्र आहे. धाकट्या बंधूंचा मुलगा यंत्रशास्त्राची पदवी घेऊन अंबडच्या एका कारखान्यात नोकरीस लागला आहे. त्याला नाद फटफटीच्या शर्यतींचा. लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅली येथील विमानांच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाच्या शर्यती होत आल्या आहेत. तेथे वळण नाही, चढ नाही. सरळ पट्टीवर पाव मैलाचे अंतर कोण किती थोड्या सेकंदांत तोडतो एवढेच पाहावयाचे. तेथे आपली बुलेट उतरवावी म्हणून या मुलाने दोन वर्षांचा बोनस खर्चून तिच्या इंजिनात मोठ्या झडपा बसविल्या, नवा कॅम घातला, नवे रॉकर आणविले. गाडी धावू लागली खरी. पण थोड्याच दिवसांत झडपेचे गाइड झिजले. ते बदलले, तर पुन्हा झिजले. तिसऱ्या खेपेस आग्रा रस्त्यावर मागून ट्रक येत असताना झडप अडकून इंजिन एकाएकी बंद पडले. देवाची कृपा म्हणून मुलगा कडेला सुखरूप पोहोचला. त्या रात्री आमच्या भावजयीने गाडी विकून टाकण्याचा हट्ट धरला, मुलाने जेवणाचे ताट सरकविले, आणि घरातील वडील माणूस म्हणून निवाडा आमच्याकडे आला.

आम्ही म्हणालो, “आधी दोष कोठे आहे तो तरी कळू दे.” मुलगा म्हणाला, “काका, द्वारकेवर एक मिस्त्री आहे. शर्यतीची इंजिने तोच बांधतो. तुमचा विद्यार्थी होतो असे सांगतो.” नाव ऐकताच आम्हांस ओळख पटली, आणि खरे सांगावयाचे तर जावेसे वाटेना. त्याचे कारण पुढे सांगू.

इंजिनाची रचना ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द येथे सांगणे अवश्य आहे. इंजिनाचा सिलिंडर म्हणजे एक बंद नळकांडे असून त्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होत असतो. नळकांड्याच्या माथ्यावर दोन झडपा असतात. एकीतून हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत शिरते, दुसरीतून जळालेला धूर बाहेर पडतो. झडपेचा आकार छत्रीसारखा असतो: खाली ताटली, वर दांडी. ही दांडी ज्या नळीतून वरखाली सरकते तिला गाइड म्हणतात. एक जोरदार स्प्रिंग झडपेस सदैव मिटवून धरते. ती योग्य क्षणी उघडण्याचे काम कॅम नावाच्या अंडाकृती चाकाकडे असते. जुन्या धाटणीच्या इंजिनांत हा कॅम खाली असतो आणि झडप वर असते. कॅमचा धक्का पुशरॉड नावाची उभी काठी वर पोहोचविते. पण तो धक्का वरच्या दिशेचा असतो आणि झडप तर खाली दाबावयाची असते. ही दिशा उलटविण्यासाठी मध्ये टेकू असलेली जी लहानशी तरफ बसविलेली असते, तिलाच रॉकर आर्म म्हणतात. लहान मुलांच्या बागेतील डुलत्या फळीप्रमाणे तिचे एक टोक वर गेले की दुसरे खाली येते.

ही युक्ती नवी नव्हे. अमेरिकेत ब्यूइक मोटारीने १९०४ साली वर झडपा असलेले इंजिन बाजारात आणले, तेव्हापासून रॉकर घरोघर पोहोचला. आपल्याकडे १९५५ साली मद्रासेत बुलेट बनू लागली, तिच्यातही पुशरॉड व रॉकर हीच जोडी. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. विजेचा भरवसा नसे त्या काळी शेतकऱ्यांच्या विहिरींवर जी डिझेल इंजिने ठकठक करीत, त्यांच्या माथ्यावरील झाकण काढले तरी आत हाच दांडा डुलताना दिसे.

तरफेचे तीन प्रकार आम्ही शाळेत शिकविले आहेत: टेकू मध्ये असलेली कात्री, भार मध्ये असलेला अडकित्ता आणि जोर मध्ये असलेला चिमटा. रॉकर हा कात्रीच्या जातीचा. मात्र त्याच्या दोन बाजू बहुधा सारख्या नसतात. झडपेकडील बाजू पुशरॉडकडील बाजूच्या दीडपट लांब ठेवली, तर कॅमने ८ मिलिमीटर उचलले असता झडप १२ मिलिमीटर उघडते. शर्यतवाल्यास हे फार हवेसे वाटते. कारण झडप जितकी अधिक उघडेल तितकी हवा अधिक, आणि हवा अधिक तितका जोर अधिक. परंतु जगात फुकट काही मिळत नाही. झडपेवरील स्प्रिंगचा दाब १०० किलो असेल, तर ती उघडण्यास पुशरॉडने १५० किलोचा रेटा द्यावा लागतो, आणि मधल्या टेकूवर दोन्ही मिळून २५० किलोचा भार पडतो.

त्यातही वेग लक्षात घेतला पाहिजे. अमेरिकेतील नॅस्कार नावाच्या शर्यतींत आजही पुशरॉडचीच इंजिने धावतात, आणि त्यांनी मिनिटास ९,००० फेऱ्यांपर्यंत मजल मारलेली आहे. कॅम त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे प्रत्येक झडप एका सेकंदात ७५ वेळा उघडून मिटते. आपण ‘राम’ म्हणेपर्यंत तिच्या पंधरा-वीस खेपा होऊन जातात. वेग दुप्पट झाला की या धावपळीचे ताण चौपट होतात. दर क्षणी असे हाल सोसणाऱ्या दांडीस जर कोणी प्रत्येक खेपेला आडवा धक्का देत राहील, तर तिचे गाइड किती दिवस तग धरणार? आमच्या घरच्या गाडीत नेमके हेच होत होते.

आता दुकानातील हकीकत. मिस्त्रीने आम्हांस पाहताच हातातील पाना खाली ठेवला, फडक्याने बाक पुसला आणि चहा मागविला. मग त्याने इंजिनाच्या माथ्यावरील झाकण उघडले, झडपेच्या दांडीच्या टोकास निळी शाई लावली, इंजिन हाताने हळूहळू दोन फेरे फिरविले आणि रॉकर बाजूस केला. ज्या ठिकाणी रॉकरच्या टोकाचे चाक फिरले होते, तेथील शाई पुसून एक चकचकीत रेघ उमटली होती.

पुतण्या म्हणाला, “रेघ अगदी मधोमध आहे. पुस्तकात सांगितल्याप्रमाणेच मी जुळविली आहे.”

मिस्त्री म्हणाला, “मधोमध आहे दादा, पण रुंदी बघा की. तांदळाच्या दाण्याएवढी रेघ. चाक पुढं-मागं सरकतंय आणि दांडीला आडवं ढकलतंय. मधोमध नसली तरी एक वेळ चालेल, पण रुंद चालणार नाही. आधी रेघ बारीक करायची, मग मध्यावर आणायची.”

“मग बारीक कशी करावयाची?” आम्ही विचारले.

“झडप निम्मी उघडली असताना रॉकर दांडीशी काटकोनात यायला पाहिजे, गुरुजी. मिटलेली असताना नाही, पूर्ण उघडल्यावरही नाही, निम्म्यावर. दादांनी झडपा लांब दांडीच्या घातल्या. त्यामुळं टोक वर गेलं आणि काटकोन शेवटी शेवटी येतो. टेकूखाली पत्री घालून तो वर उचलला की झालं.” इतके बोलून तो थांबला आणि जरा संकोचून म्हणाला, “पण निम्म्यावर काटकोन आला की रेघ बारीकच का येते, हे मला सांगता येत नाही. हाताला कळतं. शिकलेली पोरं विचारतात, तेव्हा गप्प बसावं लागतं. तुम्ही सांगाल का?”

येथे आम्हांस ती जुनी गोष्ट सांगणे प्राप्त आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हा मुलगा नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसत असे. एके दिवशी आम्ही गणिताच्या बदली तासास वर्तुळ, जीवा आणि कंस यांची आकृती फळ्यावर काढीत असता त्याने उठून विचारले, “गुरुजी, हे कुठं लागतं?” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. पण त्याचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते, आणि चाळीस मुलांपुढे तसे कबूल करण्याचे धैर्यही नव्हते. आम्ही म्हणालो, “तुला कोठेही लागणार नाही. खाली बस.” वर्ग हसला. पुढे तो गणितात नापास झाला आणि शाळेतून गेला. त्या एका वाक्याने तो गेला असे म्हणण्याइतका मोठेपणा आम्ही स्वतःकडे घेत नाही; परंतु त्याचे पाऊल बाहेर पडण्यास आमचा हातभार लागला नाही, असेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आज तोच प्रश्न उलट बाजूने आमच्यापुढे आला होता. त्या दिवशी आकृती आमच्याकडे होती आणि तिचा उपयोग ठाऊक नव्हता. आज उपयोग त्याच्या हातात होता आणि आकृती सापडत नव्हती. आम्ही “उद्या सांगतो” म्हणून घरी आलो.

संध्याकाळी झोपाळ्यावर बसून विचार करीत असता घरातील लहान नात समोरून म्हणाली, “आजोबा, उंच जा ना.” त्या शब्दासरशी गाठ सुटली. वाचकहो, माजघरातील ती वस्तू म्हणजे हाच झोपाळा. झोपाळा मध्यावर, म्हणजे कड्या सरळ उभ्या असताना, हलकासा ढकलला तर तो पुढे भराभर जातो, पण वर जवळजवळ चढत नाही. तोच पुष्कळ पुढे गेल्यावर आणखी थोडा ढकलला तर वर चढलेला तेव्हाच जाणवतो. आता समजा, एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे झोपाळ्याने एकंदर चार हात अंतर कापावयाचे आहे. ते मध्याच्या अलीकडे दोन हात व पलीकडे दोन हात असे वाटून घेतले, तर झोपाळा अगदी थोडा वर चढेल. तेच मध्यापासून सुरू करून चारही हात एकाच बाजूस नेले, तर तो त्याच्या जवळजवळ चौपट वर चढेल. कड्यांची लांबी तीच, कापलेले अंतरही तेच. फरक फक्त आरंभ कोठे केला याचा.

रॉकर म्हणजे आडवा टांगलेला झोपाळा. त्याच्या टोकास सरळ खाली जाता येत नाही; टेकूभोवती त्याचा कंसच होतो. टोक खाली जाते ते झडप उघडण्याचे उपयोगी काम. त्याबरोबर ते बाजूस सरकते ते निरुपयोगी, किंबहुना घातक काम. दांडीशी काटकोन झालेला क्षण म्हणजे झोपाळ्याचा मध्य. तो जर झडपेच्या प्रवासाच्या बरोबर निम्म्यावर आणला, तर सरकणे दोन्हीकडे वाटले जाते आणि रेघ बारीक येते. तो एका टोकास गेला, तर सारे सरकणे एकाच बाजूस साचते आणि रेघ रुंद होते.

येथवर समजले, पण मिस्त्रीस आकडा हवा होता. तो काढण्याचे साधन आम्ही स्वतःच वर्षानुवर्षे पाठ म्हणवून घेतले होते. आपल्या प्राचीन गणितात वर्तुळाच्या तुकड्यास धनुष्याची उपमा दिली आहे. वाकलेला भाग तो चाप, दोन टोकांस जोडणारी सरळ दोरी ती ज्या किंवा जीवा, आणि दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंत बाणासारखी उभी राहते ती रेषा म्हणजे शर. हीच जीवा अरबांच्या ग्रंथांतून पश्चिमेस गेली आणि लिपीतील घोटाळ्यामुळे भलत्याच शब्दाचे भाषांतर होऊन लॅटिनात ‘सायनस’ झाली. तोच आपल्या मुलांच्या पुस्तकांतील ‘साइन’. झडपेचा प्रवास ही रॉकरच्या कंसाची जीवा होय, आणि शाईतील रेघेची रुंदी हा त्या कंसाचा शर होय.

शर काढण्याची रीत लीलावतीत आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला. लीलावती त्याचाच पहिला भाग. रीत अशी: व्यास व जीवा यांची बेरीज आणि त्यांचीच वजाबाकी, या दोहोंचा गुणाकार करावा, त्याचे वर्गमूळ व्यासातून वजा करावे, उरेल त्याचे निम्मे करावे, म्हणजे शर मिळतो. व्यास १० आणि जीवा ६ असेल तर शर १ येतो, हे तेथील उदाहरण आम्ही शेकडो मुलांकडून करवून घेतले आहे.

तीच रीत आम्ही रॉकरला लावून पाहिली. हिशेब सोपा व्हावा म्हणून टोकास चाक असलेला रॉकर घेऊ. टेकूपासून चाकाच्या मध्यापर्यंत ३८ मिलिमीटर अंतर धरू, म्हणजे व्यास ७६. आणि झडपेचा प्रवास १२ मिलिमीटर धरू. काटकोन निम्म्यावर असेल, तर जीवा १२. बेरीज ८८, वजाबाकी ६४, गुणाकार ५,६३२; वर्गमूळ सुमारे ७५.०५. ते ७६ मधून वजा केले तर ०.९५ उरतात, आणि त्याचे निम्मे सुमारे ०.४८. अर्थात चाक अर्धा मिलिमीटरही सरकत नाही. आता काटकोन प्रवासाच्या एका टोकास आहे असे धरू. मग १२ मिलिमीटर ही अर्धीच जीवा होते, पूर्ण जीवा २४. बेरीज १००, वजाबाकी ५२, गुणाकार ५,२००, वर्गमूळ ७२.११. बाकी ३.८९, निम्मे सुमारे १.९४. म्हणजे रेघ चौपटीहून किंचित अधिक रुंद! ज्या दांडीला ०.४८ चा आडवा घासा लागावयाचा, तिला १.९४ चा लागतो, आणि तोही सेकंदास कित्येक वेळा.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आम्ही पुन्हा द्वारकेवर गेलो. मिस्त्रीने तो दोनदा वाचला, खिशातील यंत्रावर आकडे ताडून पाहिले आणि म्हणाला, “चौपट! माझा अंदाज तिप्पटीचा होता.” मग त्याने पुतण्याच्या गाडीचे माप घेतले. तेथे काटकोन अगदी टोकास नव्हता. माप आमच्या दोन उदाहरणांच्या मध्ये कोठेतरी पडत होते. टेकूखाली किती जाडीची पत्री घालावी याचा हिशेब आम्ही दोघांनी मिळून केला. टेकू उचलला गेला त्या मानाने पुशरॉडचीही लांबी त्याने वाढविली. पुन्हा शाई, पुन्हा दोन फेरे. या खेपेस रेघ बाजरीच्या दाण्याइतकी बारीक उमटली. मात्र ती मध्यापासून किंचित ढळलेली होती. पुतण्याने तोंड उघडण्यापूर्वीच मिस्त्री म्हणाला, “आता ती मध्यावर आणू. ते सोपं काम आहे.”

त्या वेळी आम्ही त्यास म्हणालो, “नववीतल्या तासाला तू मला एक प्रश्न विचारला होतास.” तो म्हणाला, “आठवतंय गुरुजी. तुम्ही काय म्हणालात तेही आठवतं. पण ती फळ्यावरची आकृती म्हणजे हीच, हे काल रात्रीपर्यंत कळलं नव्हतं.” यात राग नव्हता, आणि माफ केल्याचा आवही नव्हता. आम्ही “चुकले माझे” एवढेच म्हणालो. त्याने चहाचा पेला पुढे केला.

हा दांडा जुना झाला, आता त्याचा काय उपयोग, असा आक्षेप येण्याजोगा आहे. खरोखरच शर्यतीच्या जगात झडप उघडण्याच्या अनेक तऱ्हा निघाल्या. वेग वाढला की स्प्रिंग झडपेस वेळेवर परत आणू शकत नाही. मग झडप अधांतरी तरंगते आणि प्रसंगी पिस्टनवर आदळते. यावर १९५४-५५ साली जर्मनीच्या मर्सिडीझने शर्यतीच्या मोटारीत आणि १९५६ साली इटलीच्या डुकाटीसाठी फाबिओ टाल्योनी यांनी फटफटीत असा उपाय योजला की, झडप उघडण्यास एक यंत्रणा आणि मिटविण्यासही दुसरी. डुकाटीत तर प्रत्येक झडपेस दोन रॉकर आले. १९८६ साली फ्रान्सच्या रेनोने स्प्रिंग काढून तिच्या जागी दाबलेली हवा कोंडली. आपल्या पुणे जिल्ह्यात चाकण येथे बजाज कंपनी २०१३ पासून ज्या केटीएम ३९० फटफट्या बनविते, त्यांत कॅम झडपेच्या वरच असतो आणि पुशरॉड मुळीच नसतो. परंतु कॅम व झडप यांच्यामध्ये एक बोटाएवढी तरफ असतेच. ती कात्रीच्या जातीची नसून चिमट्याच्या जातीची, एवढाच भेद. टेकू टोकास गेला तरी तिचे दुसरे टोक कंसातच फिरते. जेथे जेथे तरफेचे टोक एखाद्या सरळ सरकणाऱ्या दांडीस ढकलते, तेथे तेथे शराचा कर भरावाच लागतो. तो किती भरावा, एवढेच माणसाच्या हाती असते.

द्वारकेवरून जो आग्रा रस्ता मालेगावाकडे जातो, त्याला तेथून चाळीसगावचा फाटा फुटतो. चाळीसगावाजवळच्या पाटण येथील देवळात १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून तेथे मठ स्थापिल्याचा त्यात उल्लेख असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. त्या मठात बसून विद्यार्थी जो शर काढीत असतील, तोच शर आठशे वर्षांनंतर त्याच रस्त्याच्या कडेला, निळ्या शाईत, झडपेच्या टोकावर उमटताना आम्ही पाहिला. यावरून आपल्या पूर्वजांस इंजिने ठाऊक होती असा भलता निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांस वर्तुळ ठाऊक होते, आणि ते पक्के ठाऊक होते, एवढेच आमचे म्हणणे आहे. ज्ञान पक्के असले म्हणजे ते कोणत्या काळी, कोणाच्या हातून, कोणत्या कामास लागेल याचा नेम नसतो. म्हणूनच वर्गात कोणी ‘हे कोठे लागते?’ असे विचारले, तर त्यास खाली बसविण्याचा अधिकार गुरुजनांस नाही. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे. मुलाच्या मनात प्रश्न जिवंत राहील, आणि कदाचित उत्तर तोच आणून देईल.

घरचा निवाडा असा झाला की गाडी विकावयाची नाही. मात्र वेगाची हौस बंद धावपट्टीवरच, शिरस्त्राण घालून, आणि आईस सांगून फेडावयाची. पुतण्या दर रविवारी सकाळी द्वारकेवर जातो. पदवीधर मुलगा मिस्त्रीच्या हाताखाली बसतो याचे प्रथम आमच्या बंधूंस वैषम्य वाटले, हल्ली तेच विचारतात, “आज काय शिकलास?”

परवा मिस्त्री आपण होऊन घरी आला. झोपाळ्यावर बसण्याचा त्यास संकोच वाटला, पण आमच्या भावजयीने आग्रहाने बसविले. त्याने खिशातून जुन्या बुलेटचा मूळचा रॉकर काढून आमच्या हाती दिला. “गुरुजी, याला चाक नाही. टोक असं गोल घासलेलं आहे. हा डुलतो तेव्हा टेकण्याची जागाच सरकत जाते. मग याचा शर कुठून मोजायचा?”

आम्ही तो दांडा पुष्कळ वेळ फिरवून पाहिला. या खेपेस आम्ही म्हणालो, “ठाऊक नाही रे. पाहून सांगतो.” कागद, परकार आणि तो दांडा तेव्हापासून आमच्या मेजावर आहेत.